३०० डीचे ऑईल कूलर पाइप: नवे मागवायचे, क्रिम्प करायचे की भंगारातून आणायचे?

३०० डी ही मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेतली डिझेल गाडी, आणि त्या मालिकेचं उत्पादन १९८५-८६ला थांबलं. म्हणजे सगळ्यात धाकट्या ३०० डीचे कूलर पाइपही, मूळचेच असतील तर, चाळिशीला आलेत. ते गळतात यात नवल नाही. इतकी वर्षं टिकले हेच नवल.

आपल्याकडच्या मेकॅनिकला हे इंजिन परकं नाही. याचंच चार सिलिंडरचं भावंड, ओएम ६१६, बजाज टेम्पोने परवान्याखाली ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्ये वापरलं. पण ३०० डीच्या पाच सिलिंडरच्या ओएम ६१७ ला ऑईल फिल्टरच्या डब्यातून दोन पाइप निघून रेडिएटरशेजारच्या, ऑईल थंड करणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या कूलरपर्यंत जातात. टोकांना लोखंडी नळी, मध्ये रबर, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे दाबून बसवलेली कॉलर. रबर कडक झालं की या कॉलरच्या तोंडाशी ऑईल पाझरायला लागतं.

आधी गळती तिथेच आहे ना, हे बघा. चालत्या गाडीत वाऱ्याने ऑईल मागे उडतं, त्यामुळे थेंब पडतो एकीकडे आणि उगम असतो भलतीकडेच. सगळा भाग डिझेलने धुवा, कोरडा करा, कॉलरवर आणि नटांवर टाल्कम पावडर मारा आणि इंजिन चांगलं तापेपर्यंत गाडी फिरवा. पावडर ओली होईल ती जागा खरी. नटाशी ओली झाली तर कदाचित नट नीट आवळण्यावरच भागेल, आणि पुढचं वाचायची गरज नाही.

कॉलरच गळत असेल, तर नवा पाइप हा सरळ रस्ता. लांबी आणि वळणं मूळचीच, रबर ताजं, पुढची बरीच वर्षं डोक्याला ताप नाही. अडचण पैशाची आणि वाट बघण्याची. बाहेरून मागवावा लागतो, वर कस्टम्स ड्यूटी, आणि चासी नंबर न देता मागवलात तर चुकीचा पाइप हातात पडायचा.

क्रिम्प करणं म्हणजे एमआयडीसीत जिथे जेसीबी-ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पाइप बनतात, तिथे जाऊन मूळच्या लोखंडी टोकांवर नवं रबर दाबून घेणं. खर्च नव्याच्या मानाने किरकोळ, काम बहुतेकदा त्याच दिवशी. दुकानदार छातीठोकपणे सांगेल, ‘साहेब, जेसीबीचं प्रेशर झेलतो हा पाइप, तुमच्या कारचं काय घेऊन बसलात!’ प्रेशरपुरतं त्याचं म्हणणं खरं आहे. अर्ध्या इंची साधा १एसएन, म्हणजे आत तारेची एकच जाळी असलेला हायड्रॉलिक पाइपसुद्धा १६० बारला चालतो, आणि इंजिन ऑईलचं प्रेशर त्याच्यापुढे काहीच नाही. इथे मारतं ते तापमान. १एसएन आणि दोन जाळ्यांचे २एसएन पाइप साधारण १०० अंशांपर्यंतचे असतात. उन्हाळ्यात कसारा घाट चढणाऱ्या डिझेल इंजिनचं ऑईल ती रेषा सहज ओलांडतं. मग वर्ष-दोन वर्षांत आतलं रबर कडक होतं आणि आपण पुन्हा तिथेच. म्हणून पाइपवर छापलेली ओळ स्वतः वाचा आणि १५० अंशांचा पाइप मागा. टेफ्लॉनच्या आतल्या नळीचा, वर स्टीलची जाळी असलेला पाइप त्याहून जास्त तापमान झेलतो. पण तो घट्ट वळणावर मुडपतो आणि ती जाळी शेजारच्या वस्तू कानशीसारखी घासते, त्यामुळे वर बाही हवीच. एसीचे पाइप क्रिम्प करणारा ‘इथेच करून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. तो पाइप गॅससाठी असतो, तापलेल्या इंजिन ऑईलसाठी नाही.

मूळच्या टोकावर नवं निपल ब्रेझ करावं लागलं तर नंतर नळी आतून डिझेलने धुऊन हवा मारून घ्या. आत राहिलेला बुरा ऑईलबरोबर इंजिनात फिरतो.

भंगार बाजाराचं थोडक्यात सांगतो. कुर्ल्याला पाइप मिळेलही, पण त्याचं रबर तुमच्या पाइपाइतकंच म्हातारं. तिथून आणायचा तो फक्त क्रिम्पसाठी चांगली टोकं मिळावीत म्हणून. रबर कापून आत नळी घुसवून जुबिली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) लावणं, किंवा कॉलरवर एम-सील थापणं, हे पर्याय म्हणून मी मोजतच नाही. डॅशबोर्डवरचा ऑईल प्रेशरचा काटा ३ बारवर जाऊन टेकतो, कारण मोजपट्टीच तिथे संपते. थंड इंजिनात खरं प्रेशर त्याच्याही वर जातं. क्लिप निसटली तर मिनिटभरात ऑईल रस्त्यावर. कूलरच काढून टाकणाऱ्यांनी घाटाचं नाव काढू नये.

आता खरी गोम. कूलरचे आटे अ‍ॅल्युमिनियमचे, नट लोखंडी, आणि इतक्या वर्षांत दोघं एकजीव झालेले. एकाच पान्याने जोर लावला की नटाबरोबर कूलरचे आटे सोलून येतात, आणि पाइपाचं काम कूलरवर जातं. नवा पाइप हातात असेल तर जुन्या नटाला करवतीने चीर देऊन तो फोडता येतो, कूलर वाचतो. क्रिम्प करायचं असेल तर तोच नट तुम्हाला परत लागणार, म्हणजे तो फोडायची सोय नाही. नट किती अडकलाय यावर निर्णय ठरतो, पाइपच्या किमतीवर नाही.

म्हणून गाडीवर झटापट करू नका. रबर मधून कापा, कूलर पाइपांच्या टोकांसकट खाली उतरवा, रात्रभर डब्ल्यूडी-४० मुरू द्या आणि बाकावर दोन पाने लावून, एकाने कूलरचं बोंड (नट जिथे बसतो तो भाग) धरून, बघा. सुटला तर १५० अंशांचा पाइप क्रिम्प करून घ्या, बहुतेकांना तेवढं पुरेल. हटून बसला तर नवे मागवा आणि नट फोडा. नुकतंच पाच वर्षांचं री-पासिंग झालंय आणि गाडी घाटात न्यायचीये, अशांनी नट सुटला तरी नव्याचा विचार करावा. काहीही करा, पण दोन्ही पाइप एकदमच. एक गळतोय तर दुसरा रांगेतच आहे.

एक गोष्ट मात्र बहुतेक गॅरेजमध्ये कोणी बघत नाही: इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी माउंटिंग. ते दबून गेलं असेल तर आयडलिंगला इंजिन थडथडतं आणि पाइपाला कॉलरपाशीच हिसके बसतात. बॉनेट उघडून कोणालातरी गाडी चालू-बंद करायला सांगा आणि इंजिन किती डोलतंय ते बघा. फार डोलत असेल तर पाइपांआधी फाउंडेशनचे पैसे बाजूला काढा. नाहीतर जर्मनीहून आलेला पाइपही याच जागी पाझरेल.