वाकली, पण मोडली नाही: ‘लष्करी’ सुरीच्या व्हिडिओतली फसवणूक

जाहिरात अशी होती: सैनिकी सर्व्हायव्हल सुरी, १०९५ स्टील (जास्त कार्बनचं), कडकपणा ५८ रॉकवेल. पुरावा म्हणून व्हिडिओ. पातं व्हाइसमध्ये आवळलं, मुठीला पाइप लावून ९० अंशांत वाकवलं, मोडलं नाही. बहुतेकांचे पैसे इथेच सुटतात, आणि फसवणूकही इथेच उघड्यावर पडलेली असते.

पाइप काढल्यावर पातं वाकलेलंच राहिलं, तेवढं बघा. सगळीकडून ५८ ला आणलेलं जाड पातं जरा वाकून सरळ होतं, फार ताणलं तर तुटतं. वाकून तसंच राहिलं म्हणजे निदान सगळ्या पात्याला पाणी (तापवून झटकन निववल्यावर येणारा कडकपणा) बसलेलं नाही. ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेतही पातं वाकवतात’, हे विक्रेता आवर्जून सांगतो. खरं आहे. पण तिथे त्याच पात्याने आधी लोंबता दोर कापायचा, लाकडाची फळी दोनदा तोडायची आणि तरीही धारेने केस निघायला हवेत. वाकवणं सगळ्यात शेवटी. पाठ मऊ, धार कडक असेल तरच हे जमतं.

आलेल्या नगाची धार ६ मिमी पितळी रॉडवर हलकी दाबून सरकवली. चांगली धार दाबाखाली किंचित फुगते आणि सुटताच जागेवर येते, ठिसूळ असेल तर तिचे टवके उडतात. ही लाटेसारखी वाकडी राहिली. मग काळं कोटिंग खरवडून नवी कानस लावली. भट्टीत कार्बन गमावलेला वरचा थर मऊ असतोच, म्हणून चार हात जास्त मारले. तरी कडक स्टीलवर घसरते तशी कानस घसरली नाही, चावतच गेली. व्हिनेगरच्या थेंबाखाली मात्र धातू थोड्याच वेळात करडा पडला, म्हणजे स्टेनलेस नाही, कार्बन स्टीलच. खोटं होतं ते पाणी.

१०९५ हट्टी आहे. सुमारे ८०० अंश सेल्सियसवरून ते सेकंदाच्या आत ५४० च्या खाली उतरावं लागतं, त्यासाठी वेगवान क्वेंच ऑइल (तापलेलं पातं बुडवून निववायचं तेल) हवं. जुन्या इंजिन ऑइलमध्ये जाड पातं सावकाश निवतं आणि मऊच राहतं. त्यानंतर २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा टेम्परिंग (पुन्हा मंद तापवणं) केलं तरी कडकपणा येत नाही, कारण टेम्परिंग तो फक्त उतरवतं. विक्रेता दाखवतो त्या प्रमाणपत्रातलं ५८ लवकर निवणाऱ्या पातळ नमुन्याचंही असू शकतं. रॉकवेल तपासणी याच पात्यावर झाली असेल तर हिऱ्याच्या टोकाचा बारीक खड्डा कुठेतरी सापडतो. इथे नव्हता.

कानसीचा ओरखडा दिसताच ‘वापरलेला माल’ म्हणून परतावा नाकारला गेला. म्हणून रॉड आधी, त्याचाही व्हिडिओ काढून. कोटिंगला हात नंतर.