फी न घेणारे सर

ट्रेडिंग शिकवायची फी घ्यावी का, असा विषय निघाला की मी तावातावाने म्हणायचो, "ज्याला बाजारात पैसा मिळतो तो शिकवण्या कशाला घेईल?" याच तर्कावर विसंबून मी फी न घेणारे सर शोधले. त्यांनीच मला धुतलं.

पहिल्या दिवशी फीचं विचारलं तर सर हसले. "भावाकडून कोणी फी घेतं का?" अट एकच, खातं त्यांनी पाठवलेल्या लिंकवरूनच उघडायचं. आधीचं खातं दुसऱ्या ब्रोकरकडे असेल तर ते सोडून इकडे यायचं, "म्हणजे सगळ्यांना चार्ट सारखा दिसतो." हे कारण मला पटलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

शिकवणं म्हणजे स्काल्पिंग, थोड्या वेळात आत-बाहेर होणारे छोटे सौदे. युरो-डॉलरमध्ये ५ पिप्सचं टार्गेट (पिप म्हणजे भावातली बारीकशी पायरी, ०.०००१), ५ पिप्सचा स्टॉपलॉस, म्हणजे तेवढा तोटा झाला की सौदा आपोआप बंद, आणि दिवसाला वीसेक सौदे. ऐकायला बरोबरीचा खेळ. पण त्या ब्रोकरचा स्प्रेड (खरेदी आणि विक्रीच्या भावांतला फरक) २ पिप्स होता, म्हणजे खरेदी केल्या क्षणीच सौदा २ पिप्स तोट्यात. टार्गेटला पोचायला भाव ७ पिप्स चढायला हवा, स्टॉप उडायला मात्र ३ पिप्सची घसरण पुरते. भाव वर किंवा खाली जाण्याची शक्यता सारखीच धरली, तर दहातले तीनच सौदे जिंकायचे. शाळेतल्या पोराला जमेल असा हा हिशेब मी मांडला तो खातं निम्मं झाल्यावर. निम्म्यावरून मूळ रकमेला परत यायला १०० टक्के नफा लागतो, हेही तेव्हाच उमगलं. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "तुझी मानसिकता कच्ची आहे. लॉट वाढव, दोन दिवसांत भरून निघेल."

लॉट म्हणजे सौद्याचा आकार. तो वाढवला. निघालं नाही.

मग एका रात्रीच्या ऑनलाइन वर्गात सरांनी स्क्रीन शेअर केली आणि चार्टऐवजी चुकून भलताच टॅब उघडला. तीन-चार सेकंद असेल. डावीकडे खातेक्रमांकांची रांग, पुढे 'लॉट', त्यापुढे 'कमिशन'. वरून पाचवा क्रमांक माझा होता. त्या महिन्यात मी जिंकलो की हरलो, याचा रकाना तिथे नव्हताच. असायची गरजही नव्हती. मी जितके सौदे करणार तितकी त्यांची कमाई. वीस सौदे आणि मोठे लॉट कशासाठी होते, ते एका क्षणात लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या स्वतःच्या खात्याचा इन्व्हेस्टर पासवर्ड मागितला. मेटाट्रेडर या सौदे करायच्या ॲपमध्ये हा वेगळा पासवर्ड असतो. त्याने खातं नुसतं पाहता येतं, सौदा करता येत नाही. देणाऱ्याचं काहीच जात नाही. सर म्हणाले, "गुरूवर विश्वास नसेल तर शिकू नकोस." स्क्रीनशॉट मात्र रोज यायचे, आणि वरची पट्टी दरवेळी कापलेली. सर्व्हरचं नाव त्याच पट्टीत असतं आणि खातं डेमो, म्हणजे खोट्या पैशांचं असेल तर बहुधा तिथेच कळतं.

फुकट शिकवणारे सगळेच असे, असं मी म्हणत नाही. १९८३ च्या अखेरीस शिकागोच्या रिचर्ड डेनिसने जाहिरात देऊन अनोळखी माणसं निवडली, दोनेक आठवडे शिकवलं आणि वर स्वतःचे पैसे त्यांना ट्रेडिंगला दिले. तेच पुढे 'टर्टल्स' म्हणून ओळखले गेले. तिथे शिष्य चुकला की खिसा डेनिसचा रिकामा व्हायचा. आमच्या सरांचा खिसा माझ्या चुकांनीच भरत होता. त्यापेक्षा आधी आकडा सांगून, तासांचे पैसे घेऊन, "खातं कुठेही उघडा" म्हणणारा मास्तर मला आज परवडेल. फक्त त्यालाही तो पासवर्ड मागेन. युरोपच्या बाजार नियामकाने २०१८ मध्ये सांगितलं होतं की सीएफडीमध्ये (वस्तू प्रत्यक्ष न घेता नुसत्या भावाच्या चढउतारावर केलेले सौदे) ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात जातात. हा आकडा पहिल्या तासात सांगत नसेल, तर फी कितीही कमी असो, मी उठून येईन.

शेवटी सरांना एकच मेसेज केला, "माझ्या खात्यातून तुम्हाला किती मिळाले?" उत्तरात हात जोडलेली इमोजी आली आणि पाच मिनिटांत मी ग्रुपबाहेर. ब्रोकरचे मेल अजून येतात. पुन्हा रक्कम भरलीत तर बोनस देऊ म्हणतात.