मॉस आणि आल्डर: उत्तरेकडील जंगलांतील नत्राचे दोन स्रोत
उत्तर स्वीडन व फिनलंडच्या जंगलांत जमिनीवर पसरणाऱ्या ‘प्ल्युरोझियम श्रेबेरी’ या मॉसच्या (शेवाळासारख्या दिसणाऱ्या छोट्या वनस्पतीच्या) खोलगट पानांत नॉस्टॉकसारखे सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू) राहतात आणि हवेतील नत्र वनस्पतींना वापरता येईल अशा रूपात आणतात (नत्रस्थिरीकरण). २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हे प्रमाण हेक्टरी वर्षाला १.५ ते २ किलो भरते. आल्डर या झाडाच्या मुळांवरील गाठींत राहणारा फ्रँकिया हा जिवाणू अनुकूल जागी याच्या कितीतरी पट नत्र देतो, हे खरे. पण आल्डर प्रामुख्याने नदीकाठच्या, ओलसर किंवा नव्याने उघड्या पडलेल्या जमिनीवर वाढतो. जुन्या सूचिपर्णी जंगलापुरते बोलायचे तर नत्राचा महत्त्वाचा स्रोत म्हणून माझे झुकते माप मॉसलाच आहे, कारण वणव्यानंतर जितका अधिक काळ लोटतो, तितके मॉसवरील नत्रस्थिरीकरण वाढत जाते. मात्र पावसातून किंवा खतातून आयते नत्र मिळू लागले, की हे काम मंदावते.