शिशाचा नकाशा करायला क्यूजीआयएस आणि क्यूफिल्ड कसे आहेत?

मुलाच्या रक्तात 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त शिसं निघालं, तर ते येतंय कुठून हे शोधून थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मार्गदर्शिका सांगते. रक्तात उतरण्याआधीच ती जागा हुडकायची असेल, तर संगणकावर नकाशे करणारं क्यूजीआयएस आणि मोबाइलवर जागेवरच नोंदी घेणारं क्यूफिल्ड ही फुकट सॉफ्टवेअरची जोडी विदर्भातल्या खेड्यांत उत्तम चालते. रेंज नसली तरी अडत नाही. प्रोजेक्ट (नकाशा आणि फॉर्मची फाइल) आणि मागचा नकाशा आधीच फोनमध्ये भरून न्यायचा.

प्रत्येक जागेसाठी क्यूफिल्डमध्ये भरायचा फॉर्म आखूड हवा. जागेचा प्रकार यादीतून निवडू द्या: बॅटरी फोडण्याची जागा, भंगार दुकान, कल्हईची भट्टी, पोपडे सुटलेली भिंत. फवारणी पंपाची जुनी बॅटरी कुठे जाते, हा रकाना हवाच. अंगणवाडी शेवटची कधी रंगवली तेही विचारा. घरगुती रंगात शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून आहे. टिनाखाली जीपीएस भटकतं, म्हणून उघड्यावर येऊन अचूकता 5 मीटरच्या आत आल्यावरच बिंदू टाका.

खरा घोळ नंतर, संगणकावर होतो. पिंपळगाव बु. आणि पिंपळगाव खु. यांची माहिती नकाशाला नावावरून जोडायला गेलात की अंगणवाडीची मुलं भलत्याच गावात जातात. जनगणनेच्या सहा आकडी ग्रामकोडानेच जोडा. बफरचंही, म्हणजे बिंदूभोवती ठरावीक अंतराच्या घेराचंही, तसंच. लेयर (नकाशाचा थर) 4326 मध्ये, म्हणजे अंशांत मोजणाऱ्या पद्धतीत, असताना 100 मीटर समजून 100 लिहिलं, तर ते 100 अंश धरलं जातं आणि देशच झाकला जातो. आधी रिप्रोजेक्ट करा, म्हणजे लेयर मीटरमध्ये मोजणाऱ्या झोनमध्ये बदला: अकोला, वाशीमला 32643, वर्धा, नागपूरला 32644. अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांमधून या दोन झोनांमधली 78 अंश रेखांशाची रेघ जाते, तिथे सगळ्या कामाला एकच झोन ठेवा.

बफर गोल असला तरी शिसं गोल पसरत नाही. पावसात ते उताराने नाल्याकडे वाहतं, उन्हाळ्यात धुळीबरोबर उडतं. म्हणून उताराचा लेयर जोडा आणि नाल्याकडच्या अंगणवाड्यांची माती आधी तपासायला घ्या: मुलं खेळतात तिथली वरची अडीच सेंटिमीटर, पाच ठिकाणची एकत्र.

शिशाची भेसळ असलेली हळद मात्र या नकाशावर दिसणार नाही. ती घरोघरी विचारूनच कळते. आणि रक्तात शिसं निघालेल्या मुलाचं घर बिंदू म्हणून कधीच टाकू नका, अंगणवाडीनिहाय आकडा पुरे.