बुकिंग एजंट की आर्टिस्ट मॅनेजर? ठरवण्याआधी वाचा

संगीताच्या धंद्यात यायचंय, पण स्वतः गाऊन-वाजवून पोट भरेल असं वाटत नाही, अशी माणसं अधूनमधून माझ्याकडे सल्ल्याला येतात. त्यातली निम्मी म्हणतात, "मला मॅनेजर व्हायचंय." दोन-चार प्रश्न विचारले की लक्षात येतं, त्यांच्या डोळ्यांसमोर जे काम आहे ते बुकिंग एजंटचं आहे: कार्यक्रम ठरवायचे, आयोजकाशी घासाघीस करायची, महोत्सवात आपल्या बँडला बरी वेळ मिळवायची. उरलेल्यांचं नेमकं उलटं. मी आधी सहा वर्षं एजंट होतो, नंतर मॅनेजर झालो. त्यामुळे दोन्हीकडचे चटके माहीत आहेत, आणि माझा कल कुठे आहे तेही पुढे लपणार नाही.

ढोबळ फरक आधी सांगून टाकतो. एजंट तारखा विकतो. त्याच्या यादीत वीस-तीस नावं असतात आणि त्या प्रत्येकाच्या आयुष्यातला एकच कप्पा त्याच्या हातात असतो, तो म्हणजे रंगमंचावरचे कार्यक्रम. मॅनेजरकडे एक, दोन, फार तर चार कलाकार असतात, पण त्यांचं सगळंच त्याच्या गळ्यात असतं: रेकॉर्डिंगचा करार, गाण्यांचे हक्क, वकील कोण, हिशेबनीस कोण, अल्बम कधी काढायचा आणि मुख्य म्हणजे काय काय नाकारायचं. एजंट कोण असावा हेही बहुतेक वेळा मॅनेजरच ठरवतो आणि त्याला काढतोही तोच. म्हणून कागदावर मॅनेजर वरचढ दिसतो. रोजच्या व्यवहारात मात्र ज्याच्या हातात तारखा, त्याच्याशी सगळे गोड बोलतात.

एजंटचं टेबल

एजंटचा दिवस एका तक्त्यात जातो. आडव्या ओळीत शहरं, उभ्या ओळीत तारखा आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा: १, २, ३. हे होल्ड. हॉलवाला तुमच्यासाठी तारीख धरून ठेवतो, पण ती आधीच कुणी धरली असेल तर तुमचा नंबर दुसरा. तुमच्याकडे पक्की ऑफर आली की तुम्ही पहिल्याला चॅलेंज करता. मग त्या पहिल्याने ठरलेल्या मुदतीत, बहुधा एक-दोन दिवसांत, तारीख पक्की करायची नाहीतर सोडायची. असे तीस-चाळीस चौकोन एकाच वेळी हलत असतात. एक सुटला की शेजारचे चार बदलतात.

समजा अकरा कार्यक्रमांचा दौरा लावलाय आणि मधल्या गुरुवारी हॉल मिळत नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, बरं झालं, एक दिवस आराम. पण बसचं भाडं, साउंडवाल्यांचा रोज आणि हॉटेलच्या खोल्या गुरुवारीही चालूच असतात. म्हणून एजंट नेहमीच्या बिदागीच्या निम्म्यात, वाटेवरच्या एखाद्या लहान हॉलमध्ये कार्यक्रम लावतो आणि वर मॅनेजरला पटवतो की रिकामं बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतंय. त्याचं बरोबर असतं. फक्त गायिकेच्या घशाला त्या दिवशी विश्रांती हवी होती, हे त्याच्या तक्त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

चूक झाली तर ती कशी होते तेही सांगतो. महोत्सवांच्या करारात एक कलम असतं: आमच्या कार्यक्रमाच्या आधी-नंतर इतके दिवस आणि इतक्या अंतरात दुसरीकडे वाजवायचं नाही. एजन्सीतल्या माझ्या दुसऱ्या वर्षी मी हे कलम वाचलं होतं, सही करून घेतली होती आणि विसरलो होतो. महोत्सवाच्या पाच आठवडे आधी, बंदी असलेल्या अंतरातच, एका क्लबला तारीख विकली. तिकिटं सुरू झाल्यावर महोत्सवाकडून फोन आला. क्लबचा कार्यक्रम रद्द करावा लागला, घेतलेला इसार परत करावा लागला आणि त्या क्लबवाल्याने पुढचं वर्षभर माझा फोन उचलला नाही. बँडला यातलं फारसं काही कळलंही नाही. एजंटच्या चुका बहुतेक अशा पडद्यामागेच राहतात. त्याच्या कर्तबगारीचंही तेच होतं.

या कामाचा गाभा मात्र हिशेबाच्या रात्री दिसतो. चलन कोणतंही धरा. पाचशे जागांचा हॉल, तिकीट १०. सगळी विकली तर ५,००० जमतात. आयोजकाचा खर्च २,०००. करार असा, की कलाकाराला १,५०० ची हमी किंवा खर्च वजा जाता उरलेल्याचे ८५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. उरले ३,०००, म्हणजे कलाकाराचे २,५५०. आता रात्री साडेअकराला आयोजकाने समोर ठेवलेल्या कागदावर खर्च २,४०० लिहिलाय. हमालीची रक्कम दोनदा धरली आहे, एकदा "स्टेज" मध्ये आणि एकदा "इतर" मध्ये. ते लक्षात आलं नाही तर कलाकाराला २,२१० मिळणार आणि ३४० गेले. हा कागद बहुधा दौऱ्यावर सोबत असणारा टूर मॅनेजर तपासतो, पण अडलं की फोन एजंटलाच जातो.

आता दुसरी बाजू. निम्मीच तिकिटं विकली गेली, तर जमा २,५००. खर्च २,००० चाच, हमीचे १,५०० द्यायचेच आहेत, म्हणजे आयोजक १,००० ने खाली. कलाकार खुश, मॅनेजर खुश. पण एजंटला पुढच्या वर्षी याच माणसाला दुसरा बँड विकायचाय. त्यामुळे चांगला एजंट कधीकधी आपल्याच कलाकाराला हमी थोडी कमी घ्यायला लावतो. फ्रँक बार्सालोनाने १९६४ मध्ये प्रीमियर टॅलेंट ही रॉक कलाकारांना वाहिलेली एजन्सी काढली, ती याच समजुतीवर उभी राहिली: शहरोशहरी तरुण आयोजक धरायचे, त्यांना तगवायचं आणि नवे बँड त्यांच्याच हातून मोठे होऊ द्यायचे.

मॅनेजरचं टेबल म्हणजे त्याचा फोन

मॅनेजरला तक्ता नसतो. असतो तो एक माणूस, आणि त्या माणसाचे बरे-वाईट दिवस. माझ्या पहिल्या गायिकेचं एक गाणं चांगलं चाललं. दोन वर्षं प्रत्येक कार्यक्रम त्याच गाण्यावर संपायचा. एका रात्री कार्यक्रमानंतर गाडीत ती मेकअप न पुसता तशीच बसून राहिली आणि म्हणाली, "उद्यापासून ते गाणं नाही." दुसऱ्या दिवशीची तिकिटं संपलेली. एजंट म्हणाला, लोक त्यासाठीच येतात. रेकॉर्ड कंपनी म्हणाली, वेडेपणा आहे. दोघांचं चूक नव्हतं. तरी तिला तीन आठवडे ते गाणं बाजूला ठेवू द्यायचं, हे मी ठरवलं. चौथ्या आठवड्यात तिने ते स्वतःहून परत घेतलं, वेगळ्या चालीत, फक्त पियानोवर. घेतलं नसतं तर तो निर्णय माझाच चुकलेला असता आणि त्याचा फटका आम्हा दोघांच्या पोटाला बसला असता.

या कामाला अमुक शिक्षण हवं असं काही नाही, हे त्याचं बलस्थानही आहे आणि रोगही. बीटल्सचा मॅनेजर झाला तेव्हा ब्रायन एप्स्टाइन लिव्हरपूलमध्ये घरच्या दुकानाचा रेकॉर्ड विभाग सांभाळत होता. जॉन लँडाव संगीताची समीक्षा लिहायचा, पुढे रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा निर्माता आणि मग मॅनेजर झाला. एप्स्टाइनने चार तरुणांवर जीव ओवाळून टाकला. त्याच एप्स्टाइनच्या कार्यालयाने बीटल्सच्या नावाच्या वस्तू विकण्याचा करार केला तो असा, की परवान्याच्या पैशातले ९० टक्के समोरच्या कंपनीला आणि १० टक्के इकडे. माणूस सांभाळणं आणि करार वाचणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. मॅनेजरला दोन्ही लागतात किंवा दुसरीसाठी वेळीच वकील लागतो.

एजंट व्हायची वाट त्यामानाने आखलेली आहे. मोठ्या एजन्सीत तळापासून सुरुवात करायची: टपाल, मग एखाद्या एजंटचा सहायक, त्याचे फोन ऐकत धंदा शिकणं, मग स्वतःचं लहानसं क्षेत्र. डेव्हिड गेफन १९६४ मध्ये विल्यम मॉरिस एजन्सीच्या टपाल खोलीत लागला, तिथेच एजंट झाला, पुढे मॅनेजर आणि मग रेकॉर्ड कंपनीचा मालक. एजंटचा मॅनेजर झालेली उदाहरणं बरीच सापडतात. उलटा प्रवास मी क्वचितच पाहिलाय.

पैसा

एजंटचं कमिशन सर्वसाधारणपणे बिदागीच्या १० टक्के, ब्रिटन-युरोपात बऱ्याचदा १५. मॅनेजरचं १५ ते २०, आणि तेही कार्यक्रम, रेकॉर्डिंग, जाहिरात अशा जवळपास सगळ्या कमाईवर. एल्व्हिस प्रेस्लीचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर १९६७ पासून बऱ्याच उत्पन्नात ५० टक्के घेत होता. ते उदाहरण मॅनेजरने काय करू नये म्हणूनच सांगितलं जातं.

टक्क्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे: कशाचे टक्के? बिदागी १०० धरा. एजंटचे १० गेले. बस, माणसं, हॉटेल, साउंड यात ५५ गेले. उरले ३५. मॅनेजरने सगळ्या रकमेवर २० टक्के घेतले तर त्याचे २० आणि कलाकाराचे १५. कलाकार म्हणजे चौघांचा बँड असेल तर प्रत्येकी पावणेचार. मॅनेजरने निव्वळवर, म्हणजे उरलेल्या ३५ वर, २० टक्के घेतले तर त्याचे ७, बँडचे २८. नव्या मॅनेजरला पहिला पर्याय मोहात पाडतो. मी स्वतः दौऱ्यांवर निव्वळच धरतो. ज्याच्या गाडीत रोज बसायचं, त्याने दरमहा हिशेब पाहून दात-ओठ खावेत असं मला परवडत नाही.

पैसे कधी येतात, हा फरक त्याहून मोठा. एजन्सीत पगार पहिल्या महिन्यापासून असतो, तुटपुंजा का होईना. मॅनेजरला शून्याचे २० टक्के मिळतात आणि हे शून्य दोन-तीन वर्षंही टिकू शकतं. उलट कलाकार चालला की मॅनेजरच्या पैशाला शेपूट असते. करार संपल्यावरही त्याच्या काळातल्या कामावर काही वर्षं उतरत्या दराने कमिशन मिळतं, अर्थात तसं आधी लिहून घेतलं असेल तर. एजंटला संबंध तुटल्यावर मिळतं ते आधी लावलेल्या तारखांपुरतं. मार्च २०२० मध्ये जगभरचे कार्यक्रम थांबले तेव्हा एजंटांची कमाई जवळजवळ एका आठवड्यात आटली. मॅनेजरांचीही आटली, पण ज्यांच्या कलाकारांची गाणी ऐकली जात होती त्यांच्याकडे थोडं तरी येत राहिलं.

कायद्याचं थोडक्यात. काही ठिकाणी एजंटला परवाना लागतो, मॅनेजरला लागत नाही, आणि मॅनेजरने एजंटचं काम केलं की गोची होते. कॅलिफोर्नियाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथे परवान्याशिवाय कलाकाराला काम मिळवून दिलं तर कलाकार लेबर कमिशनरकडे जाऊन करारालाच आव्हान देऊ शकतो. रेकॉर्डिंगचा करार मिळवून देणं तेवढं त्यातून वगळलेलं आहे. तुमच्याकडे काय नियम आहे ते पहिल्या सहीच्या आधी विचारून घ्या.

कुणाला काय झेपेल

मला विचाराल तर आवड वगैरे नंतर बघा. आधी बघा, कुठल्या प्रकारचं नुकसान सोसता येतं. एजंट दिवसाला वीस वेळा "नाही" ऐकतो, पण ते नकार सुटे असतात. कलाकार सोडून गेला की तीस ओळींतली एक खोडायची आणि वाईट वाटायलाही फार वेळ नसतो. मॅनेजरचा कलाकार जातो तेव्हा निम्मी मिळकत जाते, पाच वर्षं जातात आणि जिच्या आईच्या आजारपणात रात्रभर दवाखान्यात बसलो, ती आता वकिलामार्फत बोलते. कलाकार जातात तेही बहुतेक नाव झाल्यावर. ज्यांना हे ऐकूनच छातीत कळ येते, त्यांनी एजन्सीत अर्ज करावा. ज्यांना तीस जणांच्या आयुष्याचा एकेक तुकडा सांभाळून अर्धवट वाटेल, त्यांना एजन्सीत दोन वर्षांनी कंटाळा येईल. माझं तेच झालं.

सुरुवातीला बहुतेकांना दोन्ही कामं करावी लागतात, कारण नव्या बँडकडे एजंट फिरकत नाही. करा, पण कमिशन एकच घ्या. मॅनेजरचे २० आणि वर बुकिंगचे १० असे दोन्ही घेणारा बँडच्या नजरेतून लवकर उतरतो. आणि त्या काळात स्वतःवर लक्ष ठेवा. कार्यक्रम संपला, दिवे लागले, की तुमचे पाय आधी कुठे वळतात: किती तिकिटं फाटली हे बघायला आयोजकाच्या खोलीकडे, की आज दुसऱ्या गाण्यात आवाज का अडकला हे विचारायला विंगेत? दहा कार्यक्रमांत उत्तर मिळतं.

आयोजकाच्या खोलीकडे वळत असाल तर सहायकाची जागा शोधा, पगार कितीही असो, आणि पहिल्या वर्षी करारातली कलमं वहीत हाताने उतरवून काढा. विंगेकडे वळत असाल तर दुसरी नोकरी इतक्यात सोडू नका, आणि कलाकाराशी कितीही घट्ट मैत्री असली तरी करार लिहूनच घ्या. त्याचा वकील वेगळा, तुमचा वेगळा.