मास्कवाला स्पेसर: लहान मुलांच्या दम्यासाठी कितपत उपयोगी?

स्पेसर म्हणजे झडप असलेली प्लॅस्टिकची नळी; ती दम्याचं औषध फवारणाऱ्या पंपासोबत (इनहेलर) वापरायची. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला मास्क हवा. चार वर्षांचं झालं की माउथपीस (ओठांत धरायचं तोंड) जमतो, आणि जमत असेल तर तोच बरा.

पंप हलवा, स्पेसरला जोडा, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा, एकच पफ (फवारा) दाबा आणि पाच-सहा श्वास शांतपणे घेऊ द्या. दुसऱ्या पफसाठी पंप पुन्हा हलवायचा. दोन पफ एकदम मारले की औषध आतल्या भिंतींना चिकटून वाया जातं. गालाशी बारीक फट राहिली तरी डोस घटतो, रडणाऱ्या मुलाच्या फुफ्फुसात तर फारच थोडं पोचतं. झडप हलताना दिसते, हे या वस्तूचं मोठं सुख: श्वास मोजता येतात.

खरी गोची धुण्यात. नवं प्लॅस्टिक स्थिर विजेमुळे औषध ओढून घेतं. म्हणून वापरण्याआधी आणि पुढे महिन्यातून एकदा भांडी धुण्याच्या सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात बुडवा, न पुसता हवेत वाळवा. फडक्याने पुसलंत की वीज परत आलीच!

दमट, ओल धरलेल्या घरांत आणि धुराच्या वस्तीत दमा जास्त बळावतो, आणि नेमकं तिथेच स्पेसर परवडत नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५०० मिलीच्या प्लॅस्टिक बाटलीला भोक पाडून, पंप गोंदाने हवाबंद बसवून वापरला. ती बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चालली. स्पेसर म्हणून वापरलेल्या साध्या कपाचा परिणाम मात्र कमी पडला.