फळ्यांखालचे देखभालमुक्त जंक्शन बॉक्स : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

इंग्लंडमधील लेस्टर शहरात आम्ही राहतो ते घर १९३०च्या दशकातले आहे. वरच्या मजल्याची जमीन लाकडी तुळयांवर ठोकलेल्या फळ्यांची आहे आणि विजेच्या केबल त्या तुळयांना पाडलेल्या भोकांतून गेल्या आहेत. मुलीच्या खोलीतील एका प्लगची वीज अधूनमधून जाऊ लागली, तेव्हा इलेक्ट्रिशियनने गालिचा बाजूला करून फळी उचलली आणि खाली एक तपकिरी, वाटोळा, जुना जंक्शन बॉक्स निघाला. झाकण काढल्यावर एका पितळी टर्मिनलजवळचे तारेचे आवरण काळे पडून ठिसूळ झालेले दिसले, आणि पेचकस लावताच स्क्रू पाऊण फेरा सहज फिरला. हा जोड मुलीच्या पलंगाच्या बरोबर खाली होता. घरातील सगळे दडलेले जोड बदलायचे, हे आम्ही त्याच दिवशी ठरवले.

भार पडला की तार तापते आणि भार उतरला की निवते. या प्रसरण-आकुंचनात, शिवाय दाबाखाली तांबे हळूहळू दबत गेल्यामुळे, स्क्रूची पकड ढिली होत जाते. ढिल्या जोडाचा रोध वाढतो, तो अधिक तापतो आणि त्यामुळे आणखी ढिला होतो. म्हणूनच बीएस ७६७१ या ब्रिटिश वायरिंग-नियमावलीचे ५२६.३ हे कलम सांगते की प्रत्येक जोड तपासणीसाठी हाताशी असला पाहिजे. झाळलेले किंवा हत्याराने दाबून बसवलेले जोड अशा मोजक्या अपवादांमध्ये बीएस ५७३३ या मानकानुसार बनवलेले आणि वर्तुळात ‘एमएफ’ (मेंटेनन्स-फ्री) ही खूण असलेले देखभालमुक्त बॉक्सही येतात, मात्र ते उत्पादकाच्या सूचनांप्रमाणेच बसवलेले असले पाहिजेत. त्यांच्यात स्क्रूऐवजी स्प्रिंग असते आणि तांबे किंचित दबले तरी ती दाब कायम ठेवते.

महाराष्ट्रातील वाचकांना प्रश्न पडेल की मुळात जोड लपवायचाच कशाला. आपल्याकडे कन्सील्ड वायरिंग पाइपातून जाते, त्यामुळे जुनी वायर ओढून नवी घालता येते. इथे चपटी केबल सरळ प्लास्टरमध्ये किंवा फळ्यांखाली गाडलेली असते, आणि ती चार बोटे जरी कमी पडली तरी जोडावाचून गत्यंतर नसते.

आम्ही एकूण सात बॉक्स बसवले, तीन फळ्यांखाली आणि चार माळ्यावर. आत वागो कंपनीचे २२१ जातीचे, नारिंगी खटक्यांचे कनेक्टर आहेत आणि बॉक्सही त्यांच्यासाठीच बनवलेले आहेत. या मुद्द्यावर मी आग्रही आहे, कारण ‘एमएफ’ ही खूण बॉक्स, कनेक्टर आणि केबलची पकड या तिन्ही गोष्टींना मिळून लागू होते. तेच कनेक्टर दुसऱ्या एखाद्या डबीत टाकून वर फळी ठोकली, तर त्याला देखभालमुक्त जोड म्हणता येत नाही. शिवाय कनेक्टरवर छापलेली प्रवाहाची मर्यादा बंद बॉक्समध्ये कमी होते, म्हणून बॉक्सवरचा आकडाच प्रमाण मानावा.

जोडणीचे काम मी शेजारी बसून पाहिले. तारेचे आवरण ११ मिलिमीटर सोलायचे असते आणि ते माप कनेक्टरच्या अंगावरच दिलेले असते. खटका उभा करून तार टोकापर्यंत सारली आणि खटका खाली दाबला, की पारदर्शक कवचातून तांबे पुरते आत गेले आहे की नाही ते दिसते. त्यानंतर इलेक्ट्रिशियनने प्रत्येक तार एकेकटी ओढून पाहिली, उघड्या अर्थिंगच्या तारेवर हिरवी-पिवळी नळी चढवली आणि केबल बॉक्सच्या तोंडाशी पट्ट्याने आवळली. माझी तक्रार एकच आहे : अडीच चौरस मिलिमीटरच्या तीन केबल एकाच बॉक्समध्ये आल्या की त्या ताठ तारांना वळायला जागा पुरत नाही. माळ्यावरच्या एका बॉक्सचे झाकण दोनदा उसळले, तेव्हा दडपून बंद न करता आम्ही तारा पुन्हा मांडून घेतल्या.

अकराव्या महिन्यात रेडिएटरच्या नळासाठी प्लंबरने मुलीच्या खोलीतली नेमकी तीच फळी उचलली, आणि लपलेला जोड पाहण्याची अनायासे संधी मिळाली. वरच्या मजल्यावर दोन हीटर दोन तास चालू होते, तरीही बॉक्सचा पृष्ठभाग हाताला गरम लागला नाही. पुढे वीज बंद करून इलेक्ट्रिशियनने तो उघडला. रंग कुठेही बदललेला नव्हता, एकही तार हलली नाही, आणि ५०० व्होल्टच्या चाचणीत इन्सुलेशनचा रोध २०० मेगओहमच्या वर आला. किमान अपेक्षा १ मेगओहमची असते.

देखभाल नको असली तरी जोड कुठे आहे हे ठाऊक असावेच लागते. फळी बंद करण्याआधी प्रत्येक बॉक्सचे, भिंतीपासून टेप धरून, छायाचित्र घेतले आणि त्यांचा नकाशा मुख्य फ्यूजबोर्डाशेजारी लावला.

एक जोड मात्र आम्ही लपवला नाही. स्वयंपाकघरातील कुकरची, म्हणजे विजेच्या मोठ्या शेगडीची, केबल ६ चौरस मिलिमीटरची आहे आणि आमचे कनेक्टर ४ पर्यंतचेच आहेत. तो जोड स्क्रूचा ठेवून भिंतीवर कोऱ्या पांढऱ्या झाकणामागे, हाताशी राहील असा बसवला. गेल्या पंधरवड्यात इलेक्ट्रिशियनने तो उघडला, तेव्हा त्यातला एक स्क्रू पाव फेरा फिरला.